सुभेदारांची गाडी का तापायची

आमच्या घरात गाडी तापली की माझ्या माहेराचा उद्धार व्हायचा. गाडी मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. चालवायचे तेच, पुसायचे तेच, तिच्यात पाणी ओतायचे तेच. पण बॉनेटखालून वाफ निघाली की दोष सांगलीचा. सांगलीच्या माणसानं गाडीकडं नुसतं बघितलं तरी ती तापते, असं ते चारचौघांत सांगायचे आणि ऐकणारे हसायचे. मला हसू यायचं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्या विनोदालाही चारच वर्षं झाली होती.

मी सांगली गावातली. वडिलांचं हळदीचं अडत दुकान होतं, भावाकडं एक जुनी जीप होती, आणि त्या जीपवर मी कॉलेजात असतानाच गाडी शिकले. बी.एस्सी. झाले, लायसन काढलं आणि लग्न होऊन उंब्रजला आले. इथं घरचा ऊस. नवरा फौजेत, वर्षाकाठी दोन महिने घरी. सासरेही फौजेतूनच सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले, सगळी नोकरी लष्करी ट्रकांवर गेलेली. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. म्हणजे वर्षाचे दहा महिने घरात आम्ही तिघं, आणि चौथी ती गाडी.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून मामांनी ती जुनीच घेतली होती. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती असायची आणि तिची चावी मामांच्या कमरेला, करदोऱ्याला बांधलेली. आंघोळीलासुद्धा ते चावी सोडत नसत. मी लायसनवाली सून, पण मला शेडमध्ये झाडू मारायची तेवढी परवानगी होती.

तिच्या रेडिएटरला खालच्या सांध्यात एक बारीक चीर होती. तिथून थेंब थेंब पाणी गळायचं. कराडला नेऊन कथलाचा डाग दिला असता तर अर्ध्या दिवसाचं काम. पण मामांचा स्वतःचा इलाज होता. मूठभर हळद तांब्यात कालवायची आणि रेडिएटरच्या तोंडातून ओतायची. इंजिन तापलं की हळद फुगते आणि चीर बुजवते. चार-सहा दिवस गळती खरोखरच थांबायची, हे मी नाकबूल करत नाही. मग पुन्हा गळायला लागायचं, पुन्हा मूठभर हळद.

"फौजेत आमी असंच डोंगर चढलो," ते सांगायचे. "डागबीग समदं शेरातल्या लोकांचं खूळ."

फौजेत कुणीतरी अडल्या वेळी एकदा केलं असेल. मामांनी ते चार वर्षं केलं. आणि हळद कुठली, तर माझ्या आईनं पाठवलेली. दर वर्षी नवी हळद निघाली की आई निवडून, वाळवून, कुटून पत्र्याचा एक मोठा डबा भरायची आणि उंब्रजला धाडायची. डबा आला की आत्या त्यातली निम्मी हळद ज्वारीच्या कणगीत लपवायच्या. उरलेली शेडमध्ये जायची. आमच्या घरची आमटी सदा फिकी असायची. आईला मी पत्रात लिहायची, की तुझी हळद सगळ्यांना फार आवडते.

त्या वर्षी चैत्रात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, आणि औंधला यमाईला जायचं तर ठरलेलं. आत्यांनी हट्टच धरला. मग नाइलाजानं मामांनी करदोऱ्याची गाठ सोडली आणि चावी माझ्यापुढं जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही. मी ती उचलली. राग आला होता, पण गाडी चालवायला मिळणार याचा आनंद रागापेक्षा मोठा होता.

मसूरपर्यंत सगळं ठीक चाललं. शामगावच्या घाटाला लागलो आणि समोरच्या तबकडीतला तापमानाचा काटा सरकायला लागला. अर्ध्या घाटात तो लाल पट्ट्यात गेला.

"मामा, काटा लाल पट्ट्यात गेलाय. थांबवते."

"अजिबात थांबायचं न्हाई. घाटात थांबली तर पुन्हा उचलायची न्हाई ती."

"पाणी उकळतंय, मामा."

"बावीस वर्सं गाडी चालवलीया म्या. तू मला शिकवू नगंस. दाब म्हणतो नव्हं?"

मी दाबलं. आजही त्या घाटाची आठवण आली की मला माझाच राग येतो. पाय माझा होता. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाच्या हुकमानं मी तो दाबला. वर पोचता पोचता इंजिनातून ठणठण आवाज आला, वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली. मामा उतरले, पंच्यानं धरून त्यांनी रेडिएटरचं टोपण फिरवलं आणि आतलं पाणी कारंज्यासारखं उडालं. ते बाजूला झाले. माझ्या मोतिया पातळावर पिवळे शिंतोडे उडाले.

औंध राहिलंच. उसाच्या ट्रकला दोर बांधून गाडी कराडला नेली. इंजिनाच्या सांध्यात बसवलेलं पातळ पान, गॅस्केट, जळलं होतं. मिस्त्रीनं ते बदललं, पाणी कमी पडलं असेल म्हणाला, आणि विषय संपवला. मामांनी मात्र संपवला नाही. हायवेच्या कडेला एका चहाच्या हॉटेलात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची रोजची बैठक असायची. तिथं दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं, की सांगलीच्या सुनेनं इंजिन जाळलं. घाटात खालच्या गिअरमध्ये उगाच रेटली, क्लचवर पाय ठेवून बसली, थांब म्हटलं तर थांबली नाही. थांब म्हटलं तर! हे मला दळण आणायला गेले तेव्हा गिरणीवाल्याकडून कळलं. मी पीठ तिथंच ठेवून घरी आले आणि आत्यांना विचारलं, "तुम्ही मागच्या सीटवर होता ना? तुम्ही ऐकलंत ना?" आत्या भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या.

याच सुमारास मला एक पत्र आलं. मसूरच्या पुढं एका गावात नवं हायस्कूल निघालं होतं आणि त्यांना विज्ञानाला शिक्षक हवा होता. हेडमास्तरांनी लिहिलं होतं, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत जागा ठेवतो. अंतर सात-आठ मैल. एस.टी. एक भल्या पहाटे आणि एक दिवेलागणीला. गाडी मिळाली तरच नोकरी होणार होती. पगार पेट्रोलातच गेला असता, तरी मला ते चाललं असतं. चार वर्षं मी गोवऱ्या मोजल्या होत्या. मला फळा हवा होता.

मी नवऱ्याला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की माझी काही हरकत नाही, बाबा हो म्हणाले तर गाडी घेऊन जा. हे सीमेवर शत्रूला घाबरत नव्हते, फक्त बापाला घाबरायचे. मी ते पत्र मामांना वाचून दाखवलं.

"इंजिन जाळणारीला चावी?" मामा म्हणाले. "पुन्हा न्हाई. तुज्या हातात गाडी तापती, हे मी डोळ्यानं बगितलंय."

एका डोळ्यानं, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

तेव्हापासून आमची लढाई उघड झाली. मी ताट वाढायची आणि बोलायची नाही. ते जेवायचे आणि बोलायचे नाहीत. मीठ हवं असलं तर आत्यांना सांगायचे, "सूनबाईला म्हणावं मीठ." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

मोतिया पातळ मी धुवायला काढलं. साबण लागला आणि पिवळे शिंतोडे बघता बघता तांबडे झाले, कुंकवासारखे. हळदीला साबण लागला की असं होतं, हे घरोघरी बायकांना ठाऊक असतं. मी त्या डागांकडं बघत दगडावर बसून राहिले. उडालेल्या पाण्यात इतकी हळद होती, तर आत किती असेल?

मग मी कामाला लागले. मामा दुपारी हॉटेलात गेले की मी शेडमध्ये. बॉनेट उघडायला चावी लागत नव्हती. एकेक संशय मी घेत गेले आणि सोडत गेले. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताठ होता. रबरी नळ्या चेपलेल्या नव्हत्या, फुटलेल्या नव्हत्या. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी जी झडप असते, ती मामांनी कधीच काढून फेकली होती, तेव्हा ती अडकण्याचा प्रश्न नव्हता. पाण्याचा पंप गळत नव्हता. टोपणाचं रबर बरं होतं. राहिला रेडिएटर.

रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. इंजिनातलं उकळतं पाणी वरून त्या नळ्यांत उतरतं, वाऱ्यानं निवतं आणि खालून परत इंजिनात जातं. एक दिवस मामा कराडहून आले, गाडी लावली आणि हातपाय धुवायला गेले. मी पळत शेडमध्ये गेले आणि जाळीवर पंजा ठेवला. वरचा पट्टा चटका बसावा इतका गरम. डावी कड गरम. मधोमध हात नेला आणि तो भाग गार. इंजिन धगधगत होतं आणि जाळीचा मधला निम्मा भाग माठासारखा गार होता. म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी खालची रबरी नळी सोडली आणि वरून घागर ओतली. नळ्या मोकळ्या असत्या तर वरून ओतलेलं पाणी तसंच खाली यायला हवं होतं. वर तोंडापर्यंत तुंबलं आणि खाली करंगळीएवढी धार लागली. पिवळी. तिला वास होता माझ्या वडिलांच्या दुकानाचा. मला रडू आलं आणि त्याच वेळी असा आनंद झाला, की मी एकटीच मोठ्यानं हसले. मागं बघितलं तर दारात आत्या उभ्या होत्या.

त्यांनी सगळं बघितलं होतं. मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"मला समजलंय. मी हळद लपवती ती उगं न्हाई," आत्या म्हणाल्या. "पण तू एक ऐक माजं. हे त्यास्नी घरात सांग. ते जेवून उठल्यावर, दोगंच असताना. चारचौघांत सांगू नगंस. चावी पायजे का जितायचं हाय, ते आदी ठरीव."

मी म्हटलं, "त्यांनी मला चारचौघांतच जाळलं ना?"

आत्या खाली वाकल्या. जमिनीवर सांडलेलं पिवळं पाणी त्यांनी शेण टाकून सारवून टाकलं.

मे संपत आला. एका सकाळी मामा एकटेच कुठंसे गेले आणि परतताना हायवेवर, बरोबर त्या चहाच्या हॉटेलासमोर, गाडी उकळून उभी राहिली. मी घरी, माझे हात पिठात. तरी मामांनी सगळ्यांना सांगितलं, की तिनं जाळल्यापासनं असंच चालू हाय. एका गड्याकडून निरोप धाडून घरून पाण्याची घागर मागवली. घागर घेऊन मीच गेले. डोक्यावर पदर, काखेत घागर, आणि समोर बाकड्यावर चार पेन्शनर.

"मामा," मी म्हटलं, "कराडला रेडिएटरवाल्याकडं चला. त्याची वरची टाकी उघडून बघू. माझी चूक निघाली तर पुन्हा चावीचं नाव काढणार नाही. नाही निघाली तर जूनपासून गाडी मी शाळेला नेणार."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. बाकड्याकडं बघितलं. "चला," ते म्हणाले. "समदीच चला की. साक्षीला ऱ्हावा." साक्षीदार त्यांनीच नेले, हे मी कायम सांगते. दोघं-तिघं पुन्हा पुन्हा नको म्हणत होते.

थांबत, पाणी ओतत आम्ही कराडला पोचलो. रेडिएटरवाला मिस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं रेडिएटर उतरवला, भात्याच्या ज्योतीनं वरच्या टाकीचा डाग सोडवला आणि टाकी उचलली. आत नळ्यांची तोंडं दिसायला हवी होती. डाव्या कडेची थोडी सोडली तर एकही दिसत नव्हतं. पिवळट तपकिरी लगदा वाळून बसला होता, जात्याच्या पाळीत ओलं पीठ बसावं तसा. मिस्त्रीनं मामांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मान खाली घातली.

"गाळ हाय," तो म्हणाला. "हीरीचं पाणी वापरतायसा व्हय, सुभेदार? जड पाण्यानं हुतं असं. सळई घालून समद्या नळ्या मोकळ्या करतो, गळतीलाबी डाग देतो. नवी हुईल गाडी."

त्या म्हाताऱ्यानं मामांना वाट करून दिली होती. मामांना ती कळली, मलाही कळली. विहिरीचं पाणी म्हणून सगळं मिटलं असतं. माझी चूक नाही हे ठरलंच होतं. मी नुसती गप्प उभी राहिले असते, तरी पैज मी जिंकले होते.

मी पुढं झाले. नखानं तो लगदा खरवडला, नाकाशी नेला, आणि हात मामांच्या पुढं धरला.

"गाळ नाही हा, मामा. हळद आहे. माझ्या आईची."

मग त्या चौघांतला एक हवालदार फुटला. "आरं तिच्या! सुभेदार, गाडीचं लगीन लावलंसा व्हय? हळदबी लावली, आन् आमास्नी आवतान न्हाई?" सगळे हसले. मिस्त्रीच्या हाताखालचा माणूससुद्धा तोंड फिरवून हसला. आणि मीही हसले. ते सगळ्यात वाईट. चार वर्षं मला ज्या हसण्याचा राग येत होता, तेच हसणं मी हसले, आणि मला ते गोड लागलं.

मामा बाहेर जाऊन उभे राहिले. रेडिएटर बसवून होईपर्यंत आत आले नाहीत. घरी येताना गाडी त्यांनीच चालवली. काटा सगळा रस्ता मध्यावर होता.

त्यानंतर आठ दिवस ते हॉटेलात गेले नाहीत. तिथं त्यांना आता हळद्या म्हणतात, असं गिरणीवाल्यानं मला हसत सांगितलं. या वेळी मी त्याच्याकडं बघितलंही नाही. मी हेडमास्तरांना पत्र टाकलं, की शाळा उघडेल त्या दिवशी हजर होईन. दोन पातळं इस्त्री करून ठेवली. चावी मामा आपण होऊन देतील, एवढीच वाट होती. मागायची नाही असं मी ठरवलं होतं. माझाही ताठा काही कमी नव्हता.

शनिवारी पलूसचे एक पाहुणे आले. मळेवाले, पांढरा फेटा, हातात काठी. मी चहा करत होते. बाहेर शेडमध्ये मामांचा आवाज आला, आणि आठ दिवसांनी तो आवाज मोकळा होता.

"लय थंड गाडी हाय. घाट चढवा, न्हाईतर उन्हात हुबी करा. आमच्या सूनबाईनं सोता रेडिएटर खोलून बगितलाय. बी.एस्सी. हाय ती. मिस्त्रीला जे घावलं न्हाई, ते तिला घावलं."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. चार वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेले हे पहिले चांगले शब्द. मामा ते गाडी विकायला वापरत होते. आत्या चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सांगितलं होतं ना तुला, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"सूनबाई," मामांनी हाक मारली. "जरा भाईर ये. ह्यास्नी सांग."

मी गेले. मामांनी पाहुण्यांसमोर कमरेची गाठ सोडली आणि चावी माझ्या हातावर ठेवली. हातावर. "चालू करून दाव," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मी काय करीन हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक शब्द पुरे होता. गॅस्केट एकदा जळलंय, असं म्हटलं असतं तरी पाहुणे चहा पिऊन उठले असते. पण गाडीत खोट नव्हती, आणि ती नाही हे दाखवायलाच मी महिनाभर हात काळे केले होते. ते आता मीच खोटं कसं म्हणणार? मी आत बसले आणि इंजिन चालू केलं. पाहुणे खिडकीतून वाकून बघत होते. काटा हळूहळू चढला, मध्यावर आला आणि तिथंच थांबला. आम्ही दहा मिनिटं वाट बघितली.

"बगा," मामा म्हणाले. "हाय कुटं खोट? इचारा तिला."

"नाही," मी म्हणाले.

मी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि पाहुण्यांच्या हातात दिली. शाळा सोमवारी उघडणार होती.